खोलीत शेगडी चालणार नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुकान बंद करून आज बरोबर एक महिना झाला. ही म्हणाली, "दिवसभर माझ्या डोक्याशी बसून बोलता, ते वहीत लिहा. वही उलट उत्तर देणार नाही." वही तिनेच शोधून दिली. दुकानातलीच दुरुस्तीची वही, अर्धी कोरी. पानावर तीन रकाने आखलेले: वस्तू, बिघाड, काय केलं. चाळीस वर्षं मी हेच लिहीत आलो. मिक्सर, गुंडाळी जळाली, नवी भरली. इस्त्री, वायर तुटली, जोडली. आता रेघांकडे दुर्लक्ष करून आडवं लिहितोय. हात आपोआप रकान्याशी थांबतो, तो भाग वेगळा.

दुपारी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई आल्या. परदेशातून आलेली इतकी कुटुंबं आपल्या भागात खोल्या घेऊन राहतात, बांधकामं बंद पडल्यापासून त्यांच्या घरात खायला नाही, आणि त्यांच्यातलीच नव्हे, आपल्यातलीही पाच-सहा घरं तशीच आहेत म्हणाल्या. शाळेच्या जुन्या हॉलमध्ये दर गुरुवारी धान्य वाटायचं. कमिटीत एक तरी हाताने काम करणारा माणूस हवा. मी लगेच हो म्हटलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यापेक्षा हे बरं.

आमच्याही माडीवरच्या खोलीत असंच एक कुटुंब आहे. ऑगस्टपासून. नवरा फरश्या बसवतो, बायको, आणि पाचएक वर्षांची मुलगी. मुलगी उन्हातसुद्धा पिवळी लोकरीची टोपी घालते. माणसं शांत आहेत, भाडं वेळेवर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज हॉलमध्ये दान आलेल्या मोठ्या फ्रीजसाठी स्वतंत्र लाईन ओढली. जाड तार, नवा बोर्ड, वेगळा फ्यूज, अर्थिंगसकट. सहा तास शिडीवर होतो. पैसे घेतले नाहीत. बटण दाबलं आणि फ्रीज घुमायला लागला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय." घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "गुडघ्याला तेल लावा."

संध्याकाळी माडीवर पाण्याची टाकी बघायला गेलो तर खोलीच्या दारातून वास. आत विजेची शेगडी, त्यावर पातेलं. मी काही आरडाओरडा केला नाही. शेगडी थंड होईपर्यंत जिन्यात उभा राहिलो, मग उचलून आणली. नऊ वर्षांपूर्वी एका भाडेकरूच्या शेगडीने तिथला बोर्ड काळा केला होता. पडद्याने पेट घेतला असता तर आज ही वही लिहायला मी नसतो. त्या दिवसापासून नियम: खोलीत शेगडी चालणार नाही. वायरिंग जुनं आहे, भार सोसत नाही. तशी पाटीच रंगवून भिंतीवर लावलीये. त्यांना वाचता येत नसेल तर तो माझा दोष नाही, शेगडीचं चित्रही काढलंय आणि त्यावर फुली मारलीये.

खालच्या दुकानातल्या फळीवर आता अशा सात शेगड्या झाल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पहिलं वाटप. एकेचाळीस कुटुंबं. पिशवीत दोन किलो तांदूळ, किलोभर पीठ, अर्धा किलो सुके वाटाणे. पिशव्यांची तोंडं मी बांधली. दुकानात लाल तारेचे तुकडे पोतंभर पडलेत. डावीकडे तीन पिळे आणि टोक आत. दुसऱ्या कोणी सोडून पुन्हा बांधली तर मला लगेच कळेल.

वरची बाईही रांगेत होती, मुलीला घेऊन. मी ओळख दाखवली नाही. आपला भाडेकरू म्हणून पुढे घेतलं असं कोणी म्हणायला नको. तिने वहीत सही केली, "धन्यवाद, मालक" म्हणाली. हे दोन शब्द तिला चांगले येतात. मुलीला आपली भाषा आईपेक्षा जास्त येते, शाळेत जाते ना. तिने पिशवी हाताने दाबून पाहिली आणि मला विचारलं, "हे कधी खायचं?"

मी म्हटलं, "आई शिजवेल तेव्हा."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने टोपी सरळ केली आणि दोघी गेल्या. मुलं काहीही विचारतात. दिवस छान गेला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गॅसचा सिलेंडर सव्वीस दिवसांत संपला. आम्ही दोघं, आमचा चाळीस दिवस जातो. शेगडीला गळती आहे का म्हणून साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड तपासला. कुठे बुडबुडा नाही. हिला विचारलं तर म्हणे, "थंडी आहे. पाणी तापवते."

मी म्हटलं, "एवढं? समुद्र तापवतेस का?"

म्हणाली, "तुम्ही धान्य वाटा. माझा गॅस मोजू नका."

२९ नोव्हेंबर, शनिवार

गळती सापडली.

हॉलमधला फ्रीज बघून येतो म्हणून निघालो, चष्मा विसरला म्हणून दहा मिनिटांत परत आलो. स्वयंपाकघरात वरची बाई आमच्या गॅससमोर, तिचं पातेलं आमच्या बर्नरवर, आणि ही बाजूला बसून वाटाणे निवडतेय. माझ्या स्टुलावर ती मुलगी. टोपी काढून बसली होती. टोपीशिवाय तिला मी पहिल्यांदाच पाहिलं. भाताचा घास फुंकून फुंकून खात होती. कट्ट्यावर माझी लाल तार पडलेली.

त्या दोघी वर गेल्या. मग बोललो.

"हे कधीपासून?"

"तुम्ही शेगडी आणलीत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आपलं स्वयंपाकघर म्हणजे धर्मशाळा आहे का?"

"अहो, मग तिने शिजवायचं कुठे?"

"काहीतरी सोय असेल. सगळ्यांची असते."

"कुठे?"

"मला काय माहीत? आपण काय त्यांच्या घरात डोकवायला जातो का?"

ही हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. मी म्हटलं, बोट दिलं की मनगट धरतात. आज पातेलं, उद्या डबे, परवा आपणच जिन्यात बसून जेवायचं. संध्याकाळी जिन्यात वरची भेटली तेव्हा तिला नीट समजावून सांगितलं, खाली स्वयंपाकघरात यायचं नाही, खोलीच्या भाड्यात ते येत नाही. ती म्हणाली, "बरं, मालक." अजिबात वाद नाही. हे मला त्यांचं आवडतं.

हिने रात्रीचं ताट माझ्यासमोर ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली.

४ डिसेंबर, गुरुवार

चौथं वाटप. हॉलमागच्या गटारात कोणीतरी वाटाणे ओतलेले सापडले. दान देणाऱ्यांनी पाहिलं असतं तर? मी मीटिंगमध्ये ठराव मांडला: जो कोणी धान्य टाकेल किंवा विकेल, त्याचं नाव कायमचं यादीतून बाद. फुकट मिळालं की किंमत राहत नाही, हे मी चाळीस वर्षं दुकानात पाहिलंय. वॉरंटीतली वस्तू लोक कशी आपटतात! बाई जरा का-कू करत होत्या. "वाटाणे का टाकले असतील, ते आधी बघूया का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही वर्गात आधी कारण विचारायचात की आधी कॉपी जप्त करायचात?" त्या हसल्या आणि लिहून घेतलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार



सकाळी पाव आणायला गेलो. पाववाल्याच्या गल्ल्यामागे दोन पिशव्या. लाल तार. डावीकडे तीन पिळे, टोक आत. गाठसुद्धा सुटलेली नाही!

"ह्या कुठल्या?" मी विचारलं.

"ती पिवळ्या टोपीवाली पोरगी आहे ना, तिच्या आईच्या. गेल्या शुक्रवारी एक आणली, आज एक. एका पिशवीला मी आठ पाव देतो. कालचे, पण चांगले असतात."

"तीन किलोच्या वर धान्य आणि आठ शिळे पाव?"

"अहो काका, मी सहा म्हटलं होतं. तिने दहा मागितले. आठावर ठरलं."

"तुला कळत नाही हे दानाचं धान्य आहे?"

"मला कसं कळणार? त्याच्यावर काय लिहिलंय? आणि मी गिऱ्हाइकाला 'का' विचारत नाही. तुम्ही कधी विचारलंत का, इस्त्री कशी जळली?"

खरं तर विचारायचो. त्याला म्हटलं, दोन्ही पिशव्या आजच्या आज तिला परत कर, आणि पुन्हा घेतल्यास तर तुझं नाव बाईंच्या कानावर घालीन. तो म्हणाला, "पिशव्या परत देतो हो. पण पाव त्यांनी खाल्ले, ते मी कसे परत घेऊ?"

माझ्याच घरात राहून, माझ्याच हाताने बांधलेली पिशवी. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे म्हणजे काय ते आज कळलं.

१४ डिसेंबर, रविवार

कमिटी बसली. वरचीला बोलावलं होतं. ती मुलीला घेऊन आली, नवरा हॉलच्या दाराबाहेर उभा राहिला. त्याच्या नखांत अजून सिमेंट होतं, काम मात्र महिनाभर नाही म्हणे.

बाईंनी अगदी सावकाश, सोपे शब्द वापरून विचारलं, "धान्य का दिलंत? तुम्हाला भात आवडत नाही का?"

"आवडतो."

"मग? काही अडचण आहे का? सांगा. इथे कोणी रागावणार नाही."

तिने तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी बाईंच्या उजव्या हाताला बसलो होतो. तिने कोपऱ्यातल्या फ्रीजकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि मग खाली. मुलगी म्हणाली, "आमच्याकडे..." तेवढ्यात आईने तिचा दंड धरला. चांगलाच जोरात धरला असणार, मुलगी कळवळली.

"चूक झाली," वरची म्हणाली.

एवढंच. एक शब्द जास्त नाही. ज्याचं खरं असतं तो बोलतो, भांडतो. गप्प बसतो त्याच्या मनात चोर असतो. नाव बाद झालं. मी स्वतः वहीत लाल रेघ मारली. आपल्याच भाडेकरूला पाठीशी घातलं नाही म्हणून दोघा-तिघांनी माझा हात हातात घेतला. बाईंनी घेतला नाही, पण त्या कागद आवरत होत्या.

घरी हिला सांगितलं. वाटलं होतं, निदान एवढं तरी पटेल.

"तांदूळ काय कोंबडीसारखे टिपून खायचे होते त्यांनी?" ही म्हणाली.

"मग सांगायचं ना कमिटीला! तोंड होतं ना तिला?"

"तोंड होतं हो. डोक्यावर छप्परही पाहिजे होतं."

ही हल्ली कोड्यात बोलते. मी टीव्ही लावला.

१६ डिसेंबर, मंगळवार

लेकीचे दिवस भरत आलेत, म्हणून ही आज तिच्याकडे गेली. तीन आठवडे तरी. निघताना डबे दाखवले, गॅस बंद करायचा तीनदा बजावलं, आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, "रोज वर एक ताट देत जा. एकट्याचं करता तसं चार जणांचं करा. पाणी तेवढं जास्त घाला."

मी म्हटलं, बरं.

१७ डिसेंबर, बुधवार

भात केला. खालून लागला, वर कच्चा राहिला. कसा काय, देव जाणे. तरी मधला बरा भाग काढून वाडगाभर वर नेऊन दिला. दार वरचीने उघडलं. तिने वाडगा दोन्ही हातांनी घेतला आणि इतकी वाकली की मला कुठे बघावं कळेना. आत मुलगी टाळ्या पिटत होती, "गरम आहे! गरम आहे!"

मला ते काही बरं वाटलं नाही. यादीतून ज्यांना मीच काढलं, त्यांच्या दारात मीच वाडगा घेऊन उभा. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, याचा कायदा लोकांसाठीच. आणि ती इतकी वाकायला नको होती. खाली येऊन माझा करपलेला भात खाल्ला. जिन्याने पुन्हा जावंसं वाटत नाही.

२० डिसेंबर, शनिवार

गेलो नाही. मीही दोन दिवस पाव आणि चहावरच आहे. कोणासाठी करायचं? पाववाला माझ्याशी धड बोलत नाही, पाव कागदात गुंडाळून असा सरकवतो की जणू मीच काहीतरी केलं.

अंगणातल्या नळाशी मुलगी एकटी बसली होती. काहीतरी चघळत होती. मी म्हटलं, "गोळ्या खाऊ नकोस, दात किडतील." तिने मूठ उघडून दाखवली. तांदूळ. भिजून पांढरे झालेले.

"पाखरांना घालतेस का?"

"नाही. आई रात्रभर भिजवते. मऊ होतात. वाटाणे नाही होत." मग म्हणाली, "तुम्ही तो भात पुन्हा कधी करणार?"

मी म्हटलं, बघू. मला आत काम होतं. काम काही नव्हतं खरं तर. आत येऊन गॅसच्या बटणाशी उभा राहिलो. हिला फोन करावा असं वाटलं, पण काय सांगायचं? लेकीला बाळ झालं की कळवेलच.

२७ डिसेंबर, शनिवार

दुपारी अख्ख्या घराची वीज गेली. फ्यूज उडाला होता. वास आला त्या दिशेने वर गेलो. नवरा कामाच्या शोधात नाक्यावर होता. वरची जमिनीवर बसलेली, समोर एक वीट. विटेत खाच पाडून कसल्या तरी जुन्या हीटरची कॉइल बसवलेली, दोन उघड्या तारा थेट बोर्डात खोचलेल्या, आणि वर पातेलं. जोड उघडा. तार तारेला चिकटून शॉर्ट झाला होता. असला जोड माझ्या हाताखालच्या पोराने केला असता तर मी कानाखाली वाजवली असती.

बोट बुडवून पाहिलं. पातेल्यातलं पाणी कोमटसुद्धा झालं नव्हतं.

मुलगी कोपऱ्यात पांघरुणात, पोट धरून. दोन दिवस दुखतंय म्हणे. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली.

मी तारा काढल्या. वीट उचलली. म्हटलं, "मुलगी चिकटून मेली असती, कळतंय का? म्हणून सांगतो ना, ही लाईन भार सोसत नाही!"

वरची पहिल्यांदाच माझ्याशी दोन शब्दांपेक्षा जास्त बोलली. "मालक, दहा दिवस गरम काही पोटात नाही. एकदा फक्त. मुलीसाठी. मग मी परत देते."

आणि मी म्हटलं, "आग लागली असती तर सगळेच गरम झालो असतो."

हे मी का म्हटलं माहीत नाही. दुकानात असं बोललं की लोक हसायचे. ती हसली नाही. मग मी म्हटलं, पंधरा दिवसांत दुसरी खोली बघा. ते तर मी बोलायचं ठरवूनही गेलो नव्हतो. तोंडातून निघालं. एकदा निघाल्यावर मागे घेणं माझ्या स्वभावात नाही.

ती म्हणाली, "बरं, मालक."

वीट खाली आणून फळीवर ठेवली आहे, सात शेगड्यांच्या शेजारी. फ्यूज बदलला.

२ जानेवारी, शुक्रवार

पंधरा दिवस दिले होते, सहाव्याच दिवशी गेले. सकाळी उठलो तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर किल्ली. भाडं महिनाअखेरपर्यंतचं दिलेलं होतं, त्यामुळे तसं काही राहिलं नाही.

वर जाऊन पाहिलं. खोली इतकी स्वच्छ झाडलेली, आमच्या घरात इतकी नसते. आमचा वाडगा धुऊन खिडकीत पालथा ठेवला होता. भिंतीलगत दोन पिशव्या. एकीचं तोंड उघडं, तांदूळ अर्ध्यावर आलेले, पीठ आणि वाटाणे जसेच्या तसे. दुसरीला माझी लाल तार तशीच. तीन पिळे, टोक आत. एवढं धान्य असताना माणसं उपाशी राहतात, याला काय म्हणायचं, असं आधी मनात आलं. मग वर पाटीकडे लक्ष गेलं. शेगडीचं चित्र मी खरंच चांगलं काढलंय, लांबूनही कळतं.

बराच वेळ तिथे बसलो. गुडघ्यामुळे.

६ जानेवारी, मंगळवार

ही परत आली. नात झाली, तीन किलोची. मी म्हटलं, वा. हातपाय धुवायच्या आधी ती वर गेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात तो वाडगा होता.

"कुठे गेले?"

"सांगून गेले नाहीत."

"तुम्ही विचारलंत?"

"मी उठायच्या आधीच गेले."

"रोज ताट दिलंत?"

मी म्हटलं, दिलं. मग म्हटलं, एकदा दिलं.

ती वाडगा फळीवर ठेवायला गेली, मग विचार बदलला आणि पुन्हा घासायला घेतला. स्वच्छच होता तो. खूप वेळ घासत होती.

८ जानेवारी, गुरुवार

वाटपाला गेलो नाही, सर्दी आहे म्हणून कळवलं. संध्याकाळी बाई स्वतः घरी आल्या. त्यांनी नवा अर्ज छापून आणला होता. म्हणाल्या, "आपण मूर्ख आहोत हो. पाववाल्याने आज मला सांगितलं. त्या माणसाच्या पोटात महिनाभर गोष्ट खदखदत होती. यादीतल्या किमान नऊ कुटुंबांच्या खोलीत चूलच नाही. घरमालक परवानगी देत नाहीत. आपण त्यांना कच्चे तांदूळ देतोय आणि वर विकलेत म्हणून नावं कापतोय!" अर्जावर पहिलाच प्रश्न: घरात शिजवायची सोय आहे का?

मग त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या माडीवरच्या त्या बाईला सोय होती ना? म्हणजे मला तसं वाटलंच. तुम्ही कमिटीत आहात, तुमच्याच घरात असं कसं असेल. पण विचारून घ्यावं म्हटलं."

ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

मी म्हटलं, "आमचं स्वयंपाकघर खालीच आहे, बाई."

यात एकही शब्द खोटा नाही. बाईंचा चेहरा मोकळा झाला. "तेच म्हटलं. मग तिचं काहीतरी वेगळंच असणार. तरी तिला परत यादीत घेऊया. आता शिजवलेलं अन्न देणार आहोत, हॉलमध्येच. तुमच्या त्या जाड लाईनवर मोठी शेगडी चालेल ना?"

म्हटलं, चालेल.

"त्यांना निरोप द्याल?"

म्हटलं, देतो.

बाई चहा पिऊन गेल्या. हिने कप उचलले, बशीत कप, त्यावर कप. स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "चाळीस वर्षं लोकांच्या लाईनी तपासल्यात. आपली एकदा तपासा."

११ जानेवारी, रविवार

तपासली.

टेस्टर, मीटर, पेचकस घेऊन सकाळी वर गेलो. म्हटलं, जुनं वायरिंग उपटून नवं टाकू, भार किती आहे ते आधी बघू. भिंतीतली तार ओढून पाहिली. हॉलमध्ये ओढली तीच जात, तितकीच जाड. घर बांधताना स्वस्तात मिळाली म्हणून मीच सगळीकडे टाकली होती. विसरलो होतो. जो बोर्ड नऊ वर्षांपूर्वी काळा झाला तो उघडला. आतला एक स्क्रू ढिला. भाराने काळा झाला नव्हता तो, ढिल्या स्क्रूवर ठिणगी पडून झाला होता. तो बोर्ड मीच बसवलेला. गिऱ्हाइकाच्या घरी असा राहिला असता तर परत बोलावणं आलं असतं. आपल्याच घरात कोण बोलावणार?

स्क्रू आवळला. खाली जाऊन फळीवरची त्यांची शेगडी आणली. पातेल्यात पाणी ठेवलं, बटण दाबलं, घड्याळ लावलं. सात मिनिटांत उकळलं. तरी बंद केली नाही. अर्धा तास, पाऊण तास. दर पाच मिनिटांनी तारेला हात लावत होतो. गार. फ्यूजला हात लावला. गार. मनापासून सांगतो, मी वाट बघत होतो. तार जरा तरी तापावी म्हणून वाट बघत होतो.

नाही तापली.

ही वर आली. पाण्याची वाफ खिडकीवर जमली होती. तिने शेगडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. भिंतीलगतची लाल तारेची पिशवी अजून तिथेच होती. ती उचलून तिने तार सोडायचा प्रयत्न केला, सुटेना. मी सोडून दिली. तिने दोन मुठी तांदूळ काढले, धुतले, उकळत्या पाण्यात टाकले. आम्ही दोघं जमिनीवर बसून भात होईपर्यंत तिथेच होतो. झाल्यावर तिने झाकण ठेवलं. खाल्ला कोणीच नाही.

नाक्यावर जाऊन आलो. फरशीवाल्याला कोणी पाहिलेलं नाही. शाळेच्या शिपायाला घरी गाठून विचारलं, मुलीचं नाव काढून नेलंय, पुढची शाळा लिहिलेली नाही. पाववाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आता का विचारता, काका?"

वहीत सवयीने लिहितो.

वस्तू: माडीवरच्या खोलीची लाईन.
बिघाड: नव्हता.
काय केलं: शेगडी काढून आणली.